स्टॉकहोममध्ये साडेतीन दिवस: काय पाहावे आणि काय सोडावे?

पर्वतीपायथा
नमस्कार. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात यजमानांना कार्यालयीन कामासाठी स्टॉकहोमजवळच्या किस्ता भागात दहा दिवस राहावे लागणार आहे. त्यांच्या मुक्कामाच्या शेवटी मी, माझी आई आणि बारा वर्षांची लेक अशा तिघी पुण्याहून तेथे जाणार आहोत. गुरुवारी दुपारी पोहोचू आणि रविवारी रात्री परत निघू. आईचे वय एकाहत्तर आहे. तिचे गुडघे दुखतात, पण उत्साह माझ्यापेक्षा अधिक आहे. ती शाकाहारी असून अंडेही खात नाही.

मी केलेला आराखडा असा आहे. गुरुवारी जुने शहर आणि राजवाडा. शुक्रवारी नगरभवन, वासा जहाजाचे संग्रहालय, स्कान्सेन हे खुले संग्रहालय आणि जमल्यास आब्बा या गायकगटाचे संग्रहालय. शनिवारी सकाळी ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा आणि दुपारी वाक्सहोम बेट. रविवारी उप्साला पाहून तेथूनच विमानतळ. सर्व ठिकाणांचा एकत्रित पास घ्यावा का, आणि जुन्या शहरातच हॉटेल घ्यावे का, हेही विचारायचे आहे. काय सोडावे, हे मला ठरवता येत नाही.

उत्तरेचा_वारा
मी अकरा वर्षांपासून स्टॉकहोममध्ये राहतो, त्यामुळे पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी असे आराखडे अनेकदा केले आहेत आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्या दिवशी दुपारी कोलमडताना पाहिले आहेत. आपला शुक्रवार हा एका दिवसाचा नसून दोन दिवसांचा आहे. वासासाठी किमान दोन तास लागतात, स्कान्सेनसाठी चार, आणि नगरभवन केवळ मार्गदर्शकाबरोबरच आतून पाहता येत असल्यामुळे त्याची वेळ आपल्या सोयीने ठरत नाही.

हॉटेलाविषयी स्पष्ट सांगतो. जुने शहर, म्हणजे गामला स्तान, दिसायला फार सुंदर आहे. परंतु तेथील रस्ते गोल दगडांच्या फरसबंदीचे आणि चढउताराचे आहेत आणि जुन्या इमारतींतील काही हॉटेलांत लिफ्ट नसते. आईंचे गुडघे लक्षात घेता मध्यवर्ती रेल्वे स्थानकाच्या आसपास किंवा सोडरमाल्म बेटावर एखाद्या मेट्रो स्थानकाला लागून राहावे. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि जुने शहर मध्यवर्ती स्थानकापासून एकाच थांब्यावर आहे.

ठाणेकर_काका
उप्साला सोडा. चर्चा संपली.

गोदाकाठची
काका, उप्सालाचे कॅथेड्रल आणि विद्यापीठ पाहण्यासारखे आहे. ते विद्यापीठ १४७७ मध्ये स्थापन झाले. तथापि साडेतीन दिवसांत ते बसत नाही, हे मात्र मान्य आहे. परतीच्या दिवशी सामान बरोबर घेऊन दुसऱ्या गावी जाणे म्हणजे पर्यटन नव्हे, स्थलांतर.

अर्धाकप
आधी एका व्यावहारिक गोष्टीची आठवण करून देतो. तिकिटे काढताना विमानतळाचे नाव नीट वाचावे. मुख्य विमानतळ आर्लांडा हा शहराच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. काही वर्षांपूर्वी मी लंडनहून स्वस्त तिकीट मिळाले म्हणून आनंदाने स्कावस्ताला उतरलो. तो विमानतळ 'स्टॉकहोम' म्हणून विकला जात असला तरी शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर, न्यूशोपिंग गावाजवळ आहे. बसने सव्वा तासाहून अधिक वेळ लागला आणि बसभाडे धरल्यावर तिकिटात वाचवलेले पैसे कोठे गेले ते कळले नाही.

आर्लांडाहून शहरात येण्यासाठी खास जलदगाडी साधारण वीस मिनिटांत पोहोचवते, पण ती महाग आहे. वेळ असेल तर ५८३ क्रमांकाच्या बसने मेर्श्ता स्थानकापर्यंत यावे आणि तेथून लोकल पकडावी. या दोन्हींना शहर वाहतुकीचेच तिकीट चालते.

पर्वतीपायथा
आमचे विमान आर्लांडालाच उतरते. उप्साला रद्द केले आहे. व्हिसाचे अर्ज भरून झाले आहेत. पासविषयी कोणी सांगेल का?

हिशेबनीस
पासविषयी मी सांगतो, कारण मागील वर्षी मी वहीत हिशेब लिहिला होता. एकत्रित पास फायद्याचा ठरण्यासाठी दिवसाला तीन-चार सशुल्क ठिकाणे पाहावी लागतात. म्हणजे पासचे पैसे वसूल करण्यासाठी माणूस संग्रहालयांतून धावत सुटतो आणि संध्याकाळी त्याला जहाज आणि राजवाडा यांतला फरक आठवत नाही. शिवाय वासा संग्रहालयात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, त्यामुळे लेकीसाठी पास घेणे तर अजिबात परवडत नाही.

त्याऐवजी शहर वाहतुकीचे ७२ तासांचे तिकीट घ्यावे. ते मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि वासा आणि स्कान्सेन ज्यावर आहेत त्या युर्गोर्डेन बेटाच्या फेरीबोटीवरही चालते. एकेरी तिकीट ७५ मिनिटे चालते, पण बेटांवर ये-जा करताना ती मिनिटे मोजत बसावे लागते.

सह्याद्रीचा_कडा
हिशेबनीस, मी आपल्याशी असहमत आहे. आम्ही दोघे तरुण होतो, जुलैत गेलो होतो, रात्री दहापर्यंत उजेड होता, आणि आम्ही दोन दिवसांत नऊ ठिकाणे पाहिली. पास आम्हांला उत्तम पडला.

हिशेबनीस
नऊ ठिकाणांपैकी सहाव्या ठिकाणी काय होते, ते सांगावे.

सह्याद्रीचा_कडा
छायाचित्रे पाहून सांगतो.

उत्तरेचा_वारा
पैशांविषयी आणखी एक सूचना. येथे रोख रक्कम जवळजवळ चालत नाही. चहा असो की सार्वजनिक स्वच्छतागृह, सर्वत्र कार्डानेच पैसे द्यावे लागतात आणि अनेक दुकानांच्या दारावर 'रोख स्वीकारत नाही' अशी पाटीच असते. गंमत अशी की युरोपातल्या पहिल्या कागदी नोटा याच शहरातल्या एका बँकेने १६६१ मध्ये काढल्या होत्या. भारतातून क्रोना विकत घेऊन येऊ नये. परदेशात चालणारी दोन वेगवेगळी कार्डे आणावीत, म्हणजे एक अडले तर दुसरे हाताशी राहील.

जुन्या_होडीचा_तांडेल
वासाचा उल्लेख सर्वांनी केला, पण ते का पाहावे हे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१० ऑगस्ट १६२८ रोजी, म्हणजे शिवजन्माच्या सुमारे दीड वर्ष आधी, राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याची ही नवी युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली. तिच्यावर ६४ तोफा दोन मजल्यांवर मांडलेल्या होत्या. वरचा भार अधिक, तळाची रुंदी कमी आणि तळाशी ठेवलेले दगडांचे वजन अपुरे, अशी तिची अवस्था होती. ती उलटू शकते ही शंका आधीच आलेली होती. तीस खलाशांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणीही घेतली गेली आणि जहाज इतके डोलू लागले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही ते निघाले, कारण राजा युद्धात गुंतलेला होता आणि पत्रांतून घाई करीत होता. सुमारे १३०० मीटर अंतर कापल्यावर वाऱ्याच्या झोताने ते कलले, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत शिरले आणि बंदरातल्या बघ्यांच्या डोळ्यांदेखत ते बुडाले. चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. जहाजाच्या मापांना खुद्द राजाची संमती होती.

माझ्या दृष्टीने खरा चमत्कार त्यानंतरचा आहे. २४ एप्रिल १९६१ रोजी, म्हणजे ३३३ वर्षांनी, ते जवळजवळ अखंड वर काढले गेले. आमच्या कोकणच्या खाडीत लाकूड इतकी वर्षे टिकणे अशक्य आहे, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्याचा भुसा करून टाकतो. बाल्टिक समुद्राचे पाणी मात्र इतके कमी खारे आहे की तो किडा तेथे जगत नाही. वर काढल्यानंतर लाकूड सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे एका मेणचट रसायनाची फवारणी केली गेली. आज दिसणाऱ्या जहाजाचा ९८ टक्के भाग मूळचाच आहे.

आत प्रकाश मंद असतो आणि हवा थंड ठेवलेली असते, त्यामुळे आईंना स्वेटर द्यावा. लिफ्ट आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर आधी जावे आणि तेथून खाली खाली यावे.

गोदाकाठची
तांडेल, आपला प्रतिसाद वाचून बारा वर्षांच्या मुलीलाही जावेसे वाटेल. एक भर घालते: युर्गोर्डेनला जाताना ट्राम न घेता स्लुसेनच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्यावी. दहा मिनिटांचा प्रवास आहे, पण एका बाजूला जुन्या शहराच्या पिवळ्या-तांबड्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला कड्यावरची घरे पाहताना शहर चौदा बेटांवर वसले आहे म्हणजे काय, ते समजते. पाण्यात उतरवलेल्या महागड्या पर्यटक नौकांतूनही याहून फार वेगळे काही दिसत नाही.

ठाणेकर_काका
याच शहराला 'उत्तरेचे व्हेनिस' म्हणतात.

उत्तरेचा_वारा
काका, येथे राहणाऱ्या कोणाच्या तोंडून मी ते ऐकलेले नाही. व्हेनिसला कालवे आहेत. येथे एका बाजूला मेलारेन हे गोड्या पाण्याचे सरोवर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, आणि दोन्ही जेथे भेटतात नेमक्या त्याच जागी जुने शहर उभे आहे. सरोवराची पातळी समुद्राहून किंचित उंच असल्यामुळे संसद भवनाजवळच्या पुलाखालून पाणी खळाळत वाहते. आईंना घेऊन त्या पुलावर दहा मिनिटे थांबा. भर शहरात गळ टाकून मासे धरणारे लोक दिसतील.

वेलदोडा
खाण्याविषयी मी लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन मी याच काळात गेले होते. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळेत बहुतेक उपाहारगृहांत 'दागेन्स लुंच', म्हणजे त्या दिवसाचे ठरावीक जेवण, मिळते. त्यात कोशिंबीर, पाव आणि कॉफी किमतीतच धरलेली असते आणि एखादा शाकाहारी पदार्थही बहुधा असतो. तेच जेवण संध्याकाळी बरेच महाग पडते. म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारचे जेवण पोटभर करावे आणि रात्री खोलीवर साधे काही खावे. फलाफल सर्वत्र मिळते आणि पोट भरते.

आईंना अंडे चालत नसेल तर 'एग' (लिहितात 'ägg') हा शब्द पाकिटावर शोधावा. स्वीडिश भाषेत अंड्याला तेच म्हणतात. लेकीला मात्र सुट्या गोळ्यांच्या रंगीबेरंगी डब्यांपासून सांभाळावे, कारण तेथील बहुतेक मऊ गोळ्यांत जिलेटिन असते.

दुपारी 'फिका' करावी, म्हणजे कॉफी आणि त्याबरोबर गोड काहीतरी. दालचिनीच्या बनाचे कौतुक सगळे करतात, पण आपण वेलदोड्याचा बन मागावा. त्याला 'कार्देमुमाबुले' म्हणतात. बेकरीच्या दाराशी आपल्या दिवाळीचा वास येतो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी 'मैद्याचे काय खायचे' असे म्हटले होते आणि चौथ्या दिवशी चार बन पिशवीत घालून विमानात आणले. बनात अंडे आहे का, हे मात्र दुकानात विचारून घ्यावे. अनेक ठिकाणी वरून अंड्याचा हात फिरवतात.

सह्याद्रीचा_कडा
सहावे ठिकाण मध्ययुगीन संग्रहालय होते. छायाचित्रे पाहून सांगत आहे.

हिशेबनीस
आभारी आहे. माझा मुद्दा सिद्ध झाला.

किस्ताकर
पर्वतीपायथा ताई, आपले यजमान किस्ताला राहणार आहेत हे वाचून लिहावेसे वाटले, कारण मी तेथेच नोकरी करतो. किस्ताहून शहरात येणारी निळी मेट्रो हेच एक स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळ आहे. स्टॉकहोमच्या शंभर स्थानकांपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत आणि निळ्या मार्गावरची बोगद्यांतली स्थानके खडक उघडाच ठेवून रंगवलेली आहेत. सोल्ना सेंट्रुमला छत गडद तांबडे असून खाली हिरव्या अरण्याचे चित्र आहे. खेडी ओस पडणे आणि निसर्गाचा नाश हा सत्तरच्या दशकातला विषय त्यात रंगवला आहे. मध्यवर्ती स्थानकावर पांढऱ्या खडकावर निळ्या वेली आहेत. शेवटचे स्थानक कुंग्सत्रेडगोर्डेन हे तर जमिनीखालच्या बागेसारखे दिसते. पाऊस आला, आणि सप्टेंबरमध्ये तो येतोच, तर दीड तास याच मार्गावर उतरत-चढत घालवावा. आईंना चालावे लागणार नाही, बाकांवर बसता येईल, आणि तिकीट तर आधीच काढलेले असेल.

नोबेलवेडा
जुन्या शहरातल्या स्तुर्तोर्येत चौकात नोबेल पुरस्कार संग्रहालय आहे. लहान आहे, तासाभरात होते. तेथील उपाहारगृहातल्या खुर्च्यांच्या खालच्या बाजूला पुरस्कार विजेत्यांच्या सह्या असतात. लेकीला सांगा, टागोरांची सही शोधून काढ.

गोदाकाठची
सापडणार नाही. टागोरांना पुरस्कार १९१३ मध्ये मिळाला आणि हे संग्रहालय २००१ मध्ये उघडले. सही शोधायचीच असेल तर अभिजित बॅनर्जी यांची शोधायला सांगा. त्यांना २०१९ चा अर्थशास्त्राचा पुरस्कार मिळाला, त्यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर.

याच चौकात नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिस्तियानने ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची कत्तल केली. त्यातून उसळलेल्या बंडानंतर १५२३ मध्ये गुस्ताव वासा राजा झाला. आज तेथे लोक आइस्क्रीम खात बसलेले असतात, म्हणून आधी वाचून जावे.

नोबेलवेडा
चूक मान्य आहे. नगरभवनाविषयी तरी मी बरोबर लिहितो. ती इमारत १९२३ मध्ये पूर्ण झाली, तिला सुमारे ८० लाख विटा लागल्या, आणि दरवर्षी १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी तेथील निळ्या दालनात होते. ते दालन निळे नाही. वास्तुकार राग्नार ऑस्टबेरी यांना भिंती निळ्या करायच्या होत्या, पण लाल विटा इतक्या देखण्या दिसल्या की त्यांनी विचार बदलला. नाव मात्र राहून गेले. वरच्या सुवर्ण दालनाच्या भिंतींवर काचेच्या आणि सोन्याच्या सुमारे १ कोटी ८० लाख तुकड्यांचे जडावकाम आहे. मनोऱ्यावर आईंना नेऊ नये. लिफ्ट अर्ध्या उंचीपर्यंतच जाते आणि पुढे पायऱ्या आहेत.

अर्धाकप
रात्रीच्या जहाजाने हेलसिंकीला जाऊन यावे, असे कोणी सुचवले नाही याचे आश्चर्य वाटते.

उत्तरेचा_वारा
कृपया सुचवू नका. दोन रात्री आणि एक दिवस त्यात जातो, आणि मग या धाग्याचे शीर्षक 'स्टॉकहोममध्ये दीड दिवस' असे करावे लागेल.

मूळ प्रश्नाकडे येऊ. ड्रॉटनिंगहोम आणि वाक्सहोम यांपैकी एकच निवडावे, कारण शहरातून पाहता दोन्ही विरुद्ध दिशांना आहेत: एक सरोवरात, दुसरे समुद्राकडे. ड्रॉटनिंगहोमला राजवाडा, बागा आणि १७६६ चे नाट्यगृह आहे आणि १९९१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. वाक्सहोमला लाकडी घरांचे छोटे गाव आणि समोर पाण्यात किल्ला आहे. खरे आकर्षण तेथपर्यंतचा तासाभराचा बोटीचा प्रवास हे आहे, कारण सुमारे ३० हजार बेटांच्या द्वीपसमूहाची सुरुवात त्यातून पाहायला मिळते. पाहुण्यांनी युरोपात आधी कोठे राजवाडे पाहिले असतील तर मी वाक्सहोमच सुचवतो. जाताना बोटीने जावे, येताना ६७० क्रमांकाच्या बसने यावे; बसला आपले ७२ तासांचे तिकीट चालेल.

गोदाकाठची
मी ड्रॉटनिंगहोमच्या बाजूने आहे. असे नाट्यगृह, जेथे अठराव्या शतकातील लाकडी यंत्रे अजून पडदे आणि ढग हलवतात, पुन्हा कोठे पाहायला मिळणार? आपल्याकडे संगीत नाटकाची इतकी परंपरा, पण जुना पडदा जागेवर पाहायला मिळणे कठीण.

जुन्या_होडीचा_तांडेल
माझे मत बोटीला. हे सांगण्याची आवश्यकता नव्हती.

पर्वतीपायथा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुधारित आराखडा असा: गुरुवारी संध्याकाळी फक्त पुलावरचे पाणी आणि जुन्या शहरात एक फेरी. शुक्रवारी फेरीबोट, वासा आणि त्यानंतर स्कान्सेन, तेही जितके जमेल तितके. शनिवारी वाक्सहोम. रविवारी सकाळी नगरभवन आणि मग नोबेलच्या खुर्च्या. आब्बा संग्रहालय, दोन्ही राजवाडे आणि उप्साला सोडले आहे. पास घेणार नाही.

ठाणेकर_काका
स्कान्सेनला मागच्या बाजूने चढू नका. मुख्य प्रवेशद्वाराजवळ सरकता जिना आहे. ते १८९१ पासूनचे खुले संग्रहालय टेकडीवर आहे, हे कोणी सांगत नाही. उन्हाळा सरल्यावर आतील जुन्या घरांच्या वेळा कमी होतात, म्हणून आधी घरे पाहावीत. तेथे ठेवलेली अस्वले कोठे जात नाहीत.

पर्वतीपायथा
आम्ही परवा परतलो, म्हणून वृत्तांत देते.

काकांचा सरकता जिना नसता तर शुक्रवारचा दिवस तेथेच संपला असता. स्कान्सेनमध्ये आम्ही चार घरे, काच फुंकणारे कारागीर आणि एक झोपलेले अस्वल एवढेच पाहिले. वासापाशी लेक पावणेतीन तास रमली आणि शेवटी तिने विचारले, "तीस माणसे पळवल्यावर जहाज हलले, हे राजाला कोणीच का कळवले नाही?" तिच्या बाबांनी उत्तर दिले की कार्यालयात असेच होते.

शनिवारी भर पावसात वाक्सहोमला गेलो. आई आत काचेपाशी बसून एकेक बेट मोजत होती आणि चाळिसाव्या बेटानंतर तिने मोजणे सोडले. उतरल्यावर पाऊस वाढल्यामुळे गाव आम्ही जवळजवळ पाहिलेच नाही. एका बेकरीत दीड तास बसलो. तेथे अंड्याशिवायचा वेलदोड्याचा बन मिळाला. आईने वास घेऊन "यात जायफळही हवे होते" असे मत दिले. युर्गोर्डेनची फेरीबोट तिला इतकी आवडली की रविवारी सकाळी नगरभवन सोडून आम्ही पुन्हा तिनेच एक फेरी मारली. नोबेलवेडा यांनी क्षमा करावी.

नोबेलवेडा
क्षमा केली. खुर्च्यांचे काय झाले?

पर्वतीपायथा
लेकीने नऊ खुर्च्या उलट्या करून पाहिल्या आणि तेथील मुलीनेही तिला हसत मदत केली. बॅनर्जींची सही सापडली नाही. दहावी खुर्ची आई बसली होती ती होती, आणि गुडघे आत्ता कुठे थांबले आहेत असे सांगून तिने उठण्यास नकार दिला.